आकार लवकर, भरवसा उशिरा

हार्बर मार्गावरील रे रोड स्थानकाच्या पूर्वेला, किनाऱ्यालगतच्या दारूखान्यात अनेक दशके मोडीत निघालेली जहाजे तोडली गेली आणि त्यांच्या जाड प्लेटा गॅस कटरने कापून लोखंडाच्या बाजारात विकल्या गेल्या, तर तेथून दक्षिणेला थोड्याच अंतरावर माझगाव डॉकमध्ये नव्या युद्धनौका बांधल्या जात राहिल्या. 21 नोव्हेंबर 2021 रोजी नौदलात दाखल झालेली ‘आयएनएस विशाखापट्टणम’ ही विनाशिका त्यांपैकीच एक असून, तिच्या बांधणीसाठी वापरलेले ‘डीएमआर-249ए’ हे पोलाद हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र संशोधन प्रयोगशाळेने विकसित केले आहे. त्यापूर्वी या प्रतीचे पोलाद रशियातून आणावे लागे.

जहाजाच्या पोलादाला नुसती ताकद पुरत नाही, चिवटपणाही लागतो, कारण थंडीत पोलाद ठिसूळ बनते आणि बारीकशी चीर क्षणार्धात पसरू शकते. जानेवारी 1943 मध्ये अमेरिकेत ‘स्केनेक्टडी’ हे नवेकोरे तेलवाहू जहाज धक्क्याला उभे असतानाच मधोमध तडकले, ते याच दोषामुळे. चिवटपणा मोजण्यासाठी शार्पी चाचणी घेतात: 55 मिलिमीटर लांब आणि 10 मिलिमीटर जाडीरुंदीच्या तुकड्याला मधोमध 2 मिलिमीटर खोल खाच पाडून, तो ठरावीक तापमानाला थंड करून, त्यावर लंबकासारखा झुलणारा जड हातोडा सोडतात आणि तुकडा मोडताना किती ऊर्जा खर्ची पडली हे पाहतात. डीएमआर-249एला उणे 60 अंश सेल्सिअसलाही या कसोटीला उतरावे लागते. त्यासाठी कार्बन कमी ठेवून, अन्य मूलद्रव्ये अल्प प्रमाणात मिसळून आणि प्लेट लाटण्याचे तापमान काटेकोर राखून धातूचे स्फटिककण बारीक केले जातात. कण बारीक झाले की ताकद आणि चिवटपणा दोन्ही वाढतात, आणि असा दुहेरी लाभ देणारे उपाय धातुशास्त्रात मोजकेच आहेत.

असे पोलाद घडवून पारखायला वेळ लागतो; शीघ्र नमुनानिर्मितीची गती याहून वेगळी आहे. संगणकावरील आराखड्याचे पातळ काप पाडून एकावर एक थर चढवत वस्तू घडवण्याच्या या पद्धतीचे एक पेटंट चक हल यांना 1986 मध्ये मिळाले, आणि आज प्लास्टिकचा नमुना काही तासांत हाती येतो. धातूच्या बाबतीत मात्र आकारासोबत धातूही यंत्रातच नव्याने घडतो. प्रत्येक थर वितळून झपाट्याने थिजत असल्याने स्फटिककण एका दिशेने लांबट वाढू शकतात, आत सूक्ष्म पोकळ्या राहू शकतात, आणि मग उभ्या व आडव्या दिशेची ताकद सारखी राहत नाही. म्हणूनच नमुना तयार झाला तरी संशोधन तेथे थांबवता येत नाही.

नेदरलँड्समध्ये 2017 साली यंत्रमानवाने वेल्डिंगचे 298 थर चढवून 1350 मिलिमीटर व्यासाचा कांस्य प्रोपेलर बनवला. त्याच्या पहिल्या नमुन्याने धातूची वर्तणूक उलगडली, दुसरा टगबोटीला बसवून प्रत्यक्ष पाण्यात जोखला गेला, आणि त्यानंतरच जहाजे तपासून प्रमाणित करणाऱ्या वर्गीकरण संस्थेने त्याला मान्यता दिली.