चौसष्ट घरांतील अक्षरे

दोसुती कापडावर फुल्यांचा टाका घालून भरलेले ‘सुस्वागतम्’ पुष्कळ घरांच्या भिंतींवर दिसते. कापडाची वीण चौकोनी असल्यामुळे त्या अक्षरांना खरी गोलाई येत नाही. पायऱ्यापायऱ्यांनी वळवून ती भासवावी लागते. खेळांच्या पडद्यावरील जुनी अक्षरे याच जातीची होत.

इ. स. १९७० नंतर अमेरिकेत व जपानात नाणे टाकून खेळण्याची यंत्रे निघाली. त्यांच्या पडद्यावरील चित्र पिक्सेल नावाच्या बारीक ठिपक्यांनी बने. यंत्राची स्मृती अगदी तोकडी असे. त्यामुळे एका अक्षराला आठ ओळी व दर ओळीस आठ घरे, म्हणजे बुद्धिबळाच्या पटाएवढी ६४ घरेच मिळत. घर उजळलेले की विझलेले, एवढीच नोंद ठेवावयाची. अशा आठ नोंदींचा एक बाइट होतो. तेव्हा सबंध अक्षर ८ बाइटांत मावे. त्यातही शेजारची अक्षरे एकमेकांस चिकटू नयेत म्हणून एक आडवी व एक उभी रांग रिकामी सोडावी लागे. उरली ती सात गुणिले सात घरे.

जपानच्या नामको कंपनीचा ‘पॅक-मॅन’ हा खेळ १९८० साली आला. अशा खेळांतील इंग्रजी ‘ए’ चौकटीच्या वहीत सहज काढता येतो. पहिल्या ओळीत मधली तीन घरे भरावी. दुसरीत दोन भरून एक सोडावे व पुन्हा दोन भरावी. तिसऱ्या व चौथ्या ओळीत दोन्ही कडांना दोनदोन घरे भरावी, पाचवी ओळ सबंध भरावी; शेवटच्या दोन ओळी तिसरीसारख्याच. उभ्या रेघा दोन घरांच्या आणि आडव्या एकाच घराच्या, हे या अक्षरांचे वैशिष्ट्य. ‘ओ’ आणि शून्य यांची गल्लत होऊ नये म्हणून शून्याचा माथा निमुळता केलेला असे. खेळाडूचे गुण त्या शून्यांतच मोजले जात!

आजच्या पडद्यांवर ठिपके डोळ्यांना दिसतही नाहीत. तरी ती जुनी गंमत हवी म्हणून चित्रकार भित्तिपत्रकांवर व नव्या खेळांत मुद्दाम चौकोनी अक्षरे वापरतात. ‘प्रेस स्टार्ट टू पी’ हा संगणकावरचा फॉन्ट नामकोच्या अक्षरांवरूनच केलेला आहे. पडद्यावर त्याचा आकार ८, १६, २४ असा आठाच्या पटीत ठेवावा. नाहीतर कडा पुसट होतात.

देवनागरीचा मात्र आठ ओळींत जीव गुदमरतो. शिरोरेषेस एक ओळ जाते. वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार यांनाही जागा लागते. म्हणून तिला सोळा ओळींची चौकट बरी पडते. तेथेही सावध राहावे लागते. ‘ध’च्या माथ्यावरची फट चुकून एका घराने बुजली, तर ‘धर’ लिहिलेले ‘घर’ असे वाचले जाते.