ऐकण्यासाठी आणि सॅम्पलिंगसाठी टर्नटेबल

नुसती गाणी ऐकायची असतील तर साधं बेल्ट-ड्राइव्ह टर्नटेबल पुरतं. रेकॉर्डमधला एखादा ठेका किंवा व्हायोलिनचा तुकडा उचलून त्यावर नवं काही रचायचं असेल, तर मात्र यंत्राला बरंच सोसावं लागतं. रेकॉर्ड हाताने थांबवायची, मागे फिरवायची, नेमक्या जागी सुई टेकवायची, आणि हे पुन्हा पुन्हा. दोन्ही कामं एकाच यंत्रावर करायची असतील तर माझं मत डायरेक्ट-ड्राइव्हला.

मोटर कुठे असते?

बेल्ट-ड्राइव्हमध्ये मोटर बाजूला असते आणि रबरी बेल्ट ताट फिरवतो. मोटरची थरथर रबर बरीचशी गिळतं, म्हणून ऐकणाऱ्यांची पसंती याला. पण ताट हाताने अडवलं की बेल्ट घसरतो, आणि काही वर्षांत सैलही पडतो. डायरेक्ट-ड्राइव्हमध्ये ताट थेट मोटरवर बसतं. टेक्निक्सचं एसएल-१२०० हे १९७२ मध्ये आलं ते घरी ऐकणाऱ्यांसाठी. डीजेंनी ते उचललं, कारण हात सोडताच ते वेग पकडतं. १९७९ च्या एमके२ मॉडेलला वेग कमी-जास्त करणारी सरकती पट्टी मिळाली.

ही पट्टी सॅम्पलिंग करणाऱ्याला फार उपयोगी. एमके२ वर वेग ८ टक्के वर-खाली होतो. सुमारे ६ टक्के वाढवला की काळी एकमधलं गाणं पांढरी दोनमध्ये जातं. पेटी जवळ असेल तर ताडून पाहा. लयही तेवढीच वाढते, हे धरून चालायचं.

सुई आणि तिचा भार

खरा पैसा इथे घालावा. सूटकेससारखे बंद होणारे देखणे प्लेअर भेट द्यायला ठीक. त्यांत बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज (सुई जिथे बसते तो भाग) असतं, सुईचा भार ५ ग्रॅमच्या आसपास, आणि तो बदलायची सोय नाही. मूव्हिंग-मॅग्नेट कार्ट्रिजला साधारण दीड ते अडीच ग्रॅम पुरतात.

भार लावणं सोपं आहे. टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, हवेत आडवा तरंगेपर्यंत मागचं वजन फिरवायचं, तिथे आकड्यांची चकती शून्यावर आणायची, मग वजन पुढे घेत कंपनीने सांगितलेल्या भारावर थांबायचं. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई या कार्ट्रिजला तो २ ग्रॅम आहे.

घरात ७८ च्या लाखेच्या रेकॉर्ड असतील, बालगंधर्वांच्या वगैरे, तर वेगळी सुई हवीच. त्यांची खाच रुंद असते. एलपीची सुई तिच्या तळाशी जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. व्हीएम९५ मालिकेत ७८ साठीची सुई मिळते, आणि ती त्याच कार्ट्रिजवर बदलून बसवता येते. टर्नटेबलला ७८ चा वेग आहे ना, तेवढं पाहा. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी१२०एक्स यूएसबीला तो आहे; शिवाय डायरेक्ट-ड्राइव्ह, वेगाची पट्टी आणि संगणकाला जोडायची सोयही. एकच यंत्र घ्यायचं तर मी हे सुचवेन.

फोनो प्रीअँप

रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि तार स्वर जास्त ठेवतात. प्रीअँप ते पूर्ववत करतो आणि काही मिलिव्होल्टचा क्षीण आवाज वाढवतो. तो टर्नटेबलमध्ये आहे का, अँप्लिफायरमध्ये आहे का, की वेगळा घ्यायचा, हे आधी विचारा. नसेल तर गाणं बारीक, पत्र्यासारखं वाजतं.

अमेरिकेतून आणताना, जुनं घेताना

भाच्याने न्यू जर्सीहून जुनं टर्नटेबल आणलं की लोक फक्त व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर लावतात. पण त्याने वारंवारता बदलत नाही: तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. साध्या एसी मोटरवर एलपी मिनिटाला ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेऱ्यांनी फिरते, आणि लताबाई भलत्याच खालच्या पट्टीत गाऊ लागतात. क्वार्ट्झ-नियंत्रित डायरेक्ट-ड्राइव्हला ही अडचण नाही. मुंबईच्या चोरबाजारात जुनं पाहत असाल तर टोनआर्म बोटाने हलकेच दोन्हीकडे न्या. कुठेही अडकला, तर घासाघीस न करता पुढच्या दुकानात जा.

तुकडा उचलताना

१९८७ मध्ये आलेल्या ई-म्यूच्या एसपी-१२०० सॅम्पलरमध्ये जेमतेम दहा सेकंदांची जागा होती. म्हणून हिप-हॉपवाले ३३ ची रेकॉर्ड ४५ वर लावून तुकडा घेत आणि मग सॅम्पलरमध्ये खाली उतरवत. साडेतेरा सेकंद दहांत मावत; वर आवाजाला येणारा खडबडीतपणा त्यांना आवडूनच गेला. आज जागेचा प्रश्न नाही, तेव्हा योग्य वेगातच घ्या. मोनो रेकॉर्ड असेल तर दोन्ही चॅनल एकत्र करा, खरखर बरीच कमी होते.

हक्कांचं मात्र विसरू नका. ‘ज्योती’ चित्रपटातलं लताबाईंचं गाणं न विचारता वापरणाऱ्या गायिका ट्रुथ हर्ट्सच्या ‘अॅडिक्टिव्ह’वर संगीतकार बप्पी लाहिरींच्या बाजूने अमेरिकेत दावा झाला होता. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो; चालीचा आणि शब्दांचा हक्क संगीतकार-गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. रेकॉर्ड जुनी असली तरी चाल मोकळी असेलच असं नाही, तेव्हा प्रसिद्ध करण्याआधी परवानगी घ्या.