साथ नकाशावर दिसते तेव्हा
2004 मध्ये सुरू झालेल्या ‘एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमा’त ताप-जुलाबाच्या नोंदी आठवड्यातून एकदाच वर पोहोचत. साथ तेवढ्यात हातपाय पसरत असे. 5 एप्रिल 2021 रोजी केंद्र सरकारने ‘आयएचआयपी’ (एकात्मिक आरोग्य माहिती मंच) हे रोगांच्या नोंदींचे नवे पोर्टल देशासाठी खुले केले. पूर्वी 18 रोगांवर नजर होती, या पोर्टलमुळे ती 33 रोगांवर गेली.

पोर्टलवरच्या ‘एस’ फॉर्ममध्ये आरोग्यसेविका लक्षणे नोंदवते, ‘पी’मध्ये डॉक्टर संशयित निदान, तर ‘एल’मध्ये प्रयोगशाळा तपासणीचा निकाल. तिन्ही नोंदी गावाच्या ठिकाणासह येतात. त्यामुळे एका वाडीत अचानक जुलाबाचे रुग्ण वाढले, तर तिथल्या विहिरीचे पाणी वेळेत तपासता येते.

खासगी दवाखान्यांनीही नोंदी द्यायलाच हव्यात. साथीचा पहिला रुग्ण अनेकदा तिथेच जातो.