‘नुसता रस्साच घेतला, डॉक्टर!’

कोल्हापुरात वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या माणसाला एक वाक्य वारंवार ऐकावे लागते. रक्तदाब वाढलेला असो, पायाचा अंगठा सुजून लाल झालेला असो किंवा हृदयविकाराच्या झटक्यातून सावरल्यावरची तपासणी असो, आदल्या रविवारच्या जेवणाचा विषय निघाला, की रुग्ण अतिशय निरागस चेहऱ्याने सांगतो, “मटण-कोंबडी बंदच हाय, डॉक्टर. नुसता रस्साच घेतला.” शेजारी बसलेली पत्नीही मान डोलावून साक्ष देते. दोघेही खोटे बोलत नसतात. कुपथ्य असेल ते फोडींमध्ये, रस्सा म्हणजे केवळ चवीचे पाणी, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते.

ही समजूत जवळजवळ उलटी आहे. कोंबडी शिजते तेव्हा तिच्यातील प्रथिने बहुतांशी फोडींतच राहतात. कातडी काढलेल्या कोंबडीच्या शंभर ग्रॅम मांसात सुमारे वीस ग्रॅम प्रथिने असतात. आजारातून उठलेल्या किंवा साठी उलटलेल्या माणसाला गरज असते ती त्यांचीच. पाण्यात उतरते ते निराळेच. मीठ तर बरेचसे रस्स्यात विरघळलेले असते. चरबी आणि फोडणीचे तेल तवंग होऊन वर तरंगते. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० उष्मांक. शिवाय मांसातील प्युरीन नावाची द्रव्ये शिजताना पाण्यात झिरपतात. शरीरात त्यांचे यूरिक आम्ल बनते आणि ज्यांना गाउटचा विकार आहे, त्यांच्या सांध्यांत ते जाऊन बसते. म्हणजे फोडी बाजूला सारून रस्सा पिणारा माणूस उपयोगाचे ताटात ठेवून त्रासाचे तेवढे पोटात घेतो.

माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांनी म्हाईच्या जेवणाला जाऊन फोडीला हातही लावला नाही. रस्सा मात्र पाच-सहा वाट्या घेतला, कारण वाढणारा आग्रह करीत होता आणि वाटी रिकामी दिसणे यजमानाला शोभत नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांना पायात चप्पल घालता येईना. “खाल्लं तर काहीच नाही,” हे त्यांचे पालुपद तपासणी संपेपर्यंत चालू होते.

यावर ‘रस्सा कायमचा बंद’ असे लिहून मोकळे होणे डॉक्टरला सोपे असते. त्याचा उपयोग किती होतो, हे तीस वर्षांत मी पुरते पाहिले आहे. घरात बंदी आली, की माणूस खानावळीत जातो आणि तिथे तेल-मिठाचा हिशेब कोणाच्याच हातात राहत नाही. त्यापेक्षा रस्सा घरी, सावकाश आणि डोळसपणे करावा. कोल्हापूरची जुनी पद्धत त्यासाठी मुळातच सोयीची आहे.

या पद्धतीत कोंबडी एकदम मसाल्यात शिजवीत नाहीत. आधी हळद, मीठ, आले-लसूण आणि थोडा कांदा एवढ्यावर ती पाण्यात शिजवून घेतात. हे जे पाणी, ते अळणी. बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला आणि तिखट न चालणाऱ्या लहानग्याला अळणी आधी काढून देतात. मग उरलेल्याचे तांबडा, पांढरा आणि सुके असे फाटे फुटतात. मला या अळणीचे फार मोल वाटते, कारण एकाच पातेल्यातून घरातील प्रत्येकाचे पथ्य वेगळे काढता येण्याची जागा नेमकी तीच आहे. हृदयरुग्णासाठी निराळा स्वयंपाक करावा लागत नाही आणि त्यालाही पंगतीतून उठवल्यासारखे वाटत नाही.

आमच्या घरी रविवारी हे काम माझ्याकडे असते, म्हणून तपशिलाने लिहितो. सहा माणसांना हाडांसकट एक किलो गावरान कोंबडी पुरते. कातडी काढून घ्यावी. जाड बुडाच्या पातेल्यात एक मोठा चमचा तेल, त्यावर बारीक चिरलेला कांदा, दोन चहाचे चमचे आले-लसणाचे वाटण आणि अर्धा चमचा हळद परतावी. फोडी घालून चांगल्या हलवाव्यात आणि सपाट एक चहाचा चमचा मीठ घालावे. हे साधारण पाच ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसभरात याहून कमी मीठ घेण्यास सांगितले आहे. इथे ते सहा जणांत वाटले जाणार आहे. आता पातेल्यावर खोलगट ताट ठेवून ताटात पाणी ओतावे आणि आच अगदी मंद करावी.

ताटातील पाण्याची युक्ती आपल्या आज्या-पणज्यांची. पाण्यामुळे ताट पातेल्यापेक्षा थंड राहते, आतली वाफ त्याला लागून पुन्हा थेंबाथेंबाने खाली पडते आणि कोंबडी स्वतःच्याच रसात शिजते. वरचे पाणी तापले, की तेच आत ओतायचे आणि ताटात नवे घालायचे. असे करीत दीड लिटरपर्यंत पाणी आत जाते. गावरान कोंबडी चालती-फिरती असल्याने तिच्या मांसाला बांधून ठेवणारे कोलॅजन चिवट असते. ते मऊ जिलेटिनमध्ये उतरायला उष्णतेइतकाच वेळ लागतो. दीड तास सहज जातो, जुनी कोंबडी असेल तर दोन. ब्रॉयलर मात्र अवघ्या काही आठवड्यांची, कोवळी असते. तिला पाऊण तास पुष्कळ झाला. त्यापुढे तिच्या नुसत्या शिरा होतात. मंद आच याचा अर्थ इतकाच, की पातेल्याच्या कडेला बुडबुडे यावेत, पण मध्यभागी खळखळ होऊ नये. खळखळून उकळले, की मांसाचे तंतू आकसून रस बाहेर टाकतात आणि फोड कोरडी लागते.

मंद आचेचा दुसरा फायदा आरोग्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. जोरात उकळणाऱ्या पाण्यात चरबीचे बारीक कण होऊन ते पाण्यात मिसळून जातात, रस्सा गढूळ होतो आणि मग ती चरबी वेगळी काढता येत नाही. सावकाश शिजलेल्या अळणीत ती शांतपणे वर येते. गॅस बंद करून दहा मिनिटे थांबावे आणि पळीने वरचा थर काढावा. प्रेशर कुकरने पोषण घटते असे मुळीच नाही. घाईच्या दिवशी तो वापरावा. मात्र चरबी काढायची असेल, तर अळणी आधी फ्रिजमध्ये पूर्ण थंड करावी लागते, म्हणजे ती वर साकळते.

पुढे तांबडा रस्सा करताना लक्ष ठेवायचे ते चटणीवर. कोल्हापुरात चटणी म्हणजे उन्हाळ्यात कांडून ठेवलेले कांदा-लसणाचे तिखट. ती टिकावी म्हणून तिच्यात मीठ आधीच भरपूर घातलेले असते. अळणीतले मीठ, चटणीतले मीठ आणि शेवटी चव पाहून आणखी चिमूटभर, असे तीनदा मीठ पडते. चटणी घातल्यावर पुन्हा मीठ घालू नये. चव कमी वाटली तर लिंबू पिळावे. तवंगाशिवाय तांबडा रस्सा रस्सा दिसत नाही, ही तक्रार मला मान्य आहे. त्यासाठी ब्याडगी मिरची थोडी अधिक घ्यावी, रंग ती देते.

तिखटाला दोष देण्याची आपल्याकडे मोठी हौस. जठरव्रण तिखटाने होतो, असे अजूनही सांगितले जाते. वास्तविक त्याची मुख्य कारणे म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि वेदनाशामक गोळ्या. तो जिवाणू शोधून काढणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांची जळजळ तिखटाने वाढते, हे खरे. त्यांनी रात्री अकराला जेवून लगेच आडवे होणे आधी सोडावे.

पांढरा रस्सा सौम्य म्हणून पथ्याचा, हा आणखी एक गैरसमज. त्याचा पांढरेपणा बहुधा खोबऱ्याचा असतो. सुक्या खोबऱ्यात वजनाच्या साठ टक्क्यांहून अधिक स्निग्धांश असतो आणि त्यातील बहुतेक संपृक्त, म्हणजे हृदयरुग्णाने मोजून घ्यावा असा. त्याच्या वाटीपुरते खोबऱ्याऐवजी तीळ आणि खसखस भिजवून वाटावी. दाटपणा येतो आणि त्यांतील स्निग्धांश मुख्यतः असंपृक्त असतो.

वाढताना हृदयरुग्णाने किंवा रक्तदाबाच्या रुग्णाने दोन-तीन फोडी, तवंग काढलेला एक वाटी रस्सा आणि ज्वारीची भाकरी घ्यावी. गाउटच्या रुग्णाला फोडी मोजक्या द्याव्यात आणि रस्सा भाकरी ओली होण्यापुरता. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी या लेखावर विसंबू नये. त्यांच्या बाबतीत प्रथिने, मीठ आणि रस्स्यात उतरणारे पोटॅशियम या तिन्हींचे प्रमाण त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायला हवे.

कच्ची कोंबडी नळाखाली धुण्याची आपली सवय घातक आहे. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर शेजारच्या कोशिंबिरीपर्यंत पोहोचतात. धुतल्याशिवाय चैनच पडत नसेल, तर पातेल्यात हलक्या हाताने धुवावी, ते पाणी सावकाश ओतावे आणि मग ओटा, सुरी व हात साबणाने स्वच्छ करावेत.

उरलेल्या रस्स्याचे भरलेले पातेले रात्रभर ओट्यावर ठेवू नये. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जिवाणूचे बीजाणू उकळण्यालाही दाद देत नाहीत आणि खोल पातेल्यात तासन्‌तास कोमट राहिलेला रस्सा त्यांच्या वाढीला फार मानवतो. दुसऱ्या दिवशी सारे घर पोट धरून दवाखान्यात येते आणि दोष बिचाऱ्या मिरचीला लागतो. रस्सा उथळ भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा, लागेल तेवढाच बाहेर काढावा आणि तो चांगला उकळून घ्यावा. तीन दिवसांनंतर उरलेला टाकून द्यावा, असेही मी सांगत असतो. मात्र तशी वेळ कोल्हापुरातील कोणत्या घरावर आल्याचे अद्याप माझ्या ऐकिवात नाही.