दोन्ही राज्यांच्या बोलण्यात महाराष्ट्रात, प्रत्यक्षात कर्नाटकात

नंदगड (ता. खानापूर, जि. बेळगाव)

कागल सोडलं की कोगनोळीचा नाका लागतो आणि पाट्या कन्नड होतात. एरवी तिथे कुणी अडवत नाही. पण सीमाप्रश्न तापला की महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांच्या गाड्या याच नाक्यावरून परत फिरतात. हा मुलूख तुमच्यापैकी बहुतेकांना भाषणांतूनच माहीत असतो, म्हणून हे पत्र खानापूरच्याही पुढून.

कन्नड माणसाला नंदगड म्हटलं की सीमाप्रश्न आठवत नाही, संगोळ्ळी रायण्णा आठवतो. कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या या शेतसनदी शिपायाला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ रोजी इथे फाशी दिली. समाधीवरचा वड अजून उभा आहे, जवळ अशोकस्तंभ आहे. कर्नाटकाच्या अभिमानाचं एक तीर्थ असं मराठी बोलणाऱ्या मुलखात पडलं आहे. बेळगाव शहरात पुतळ्यांवरून डोकी फुटायची वेळ येते तेव्हा ही गोष्ट दोन्हीकडचे सोयीने विसरतात.

हा भाग १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेला. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला, खानापूर राहिलं नाही. सत्तरी ओलांडलेल्या नंदगडकराने घर न बदलता मुंबई, म्हैसूर आणि १९७३ पासून कर्नाटक अशी तीन राज्यं पाहिली. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

पुढची गोष्ट महाराष्ट्रात फारशी सांगितली जात नाही. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला. वर्षभरात अहवाल आला. महाराष्ट्राने ८१४ गावं मागितली होती, आयोगाने २६४ देऊ केली. त्यांत निपाणी होती, खानापूर होतं आणि नंदगडही होतं. बेळगाव शहर मात्र नव्हतं. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. कर्नाटक तेव्हापासून म्हणत आलं आहे की महाजन अहवाल हाच अंतिम. आता गंमत पाहा: कर्नाटक ज्याला अंतिम मानतं त्या अहवालात नंदगड महाराष्ट्राचं आहे, आणि महाराष्ट्राच्या दाव्यातही ते आहेच. दोन्ही सरकारांच्या तोंडी नंदगड महाराष्ट्रात असताना ते साठ वर्षं कर्नाटकातच आहे. बेळगावविना सीमाभाग घ्यायचा नाही, हा निर्णय मुंबईत झाला. तो चुकला असं मी म्हणत नाही, पण त्याची किंमत या गावांनी मोजली, एवढं तरी आपण कबूल करायला हवं.

घटनेत नागरिकत्व एकच, भारताचं. अधिवासही एकच, भारताचा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये प्रदीप जैन खटल्यात म्हटलं. पण नोकरीचा अर्ज भरायला बसलेल्या पोराला ते पुरत नाही. महाराष्ट्राच्या भरतीच्या जाहिरातीत सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मराठी उमेदवारांसाठी सवलतीचं कलम असतं, पण त्यासाठी तिथल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. आपण महाराष्ट्राचे आहोत हे सिद्ध करायला निघालेल्या मुलाला आधी कर्नाटकाच्या कचेरीत उभं राहावं लागतं.

मतदानाचा अर्थही जरा जपून लावावा. खानापुरातून २०१३ साली महाराष्ट्र एकीकरण समितीचा आमदार निवडून आला, २०१८ ला काँग्रेसच्या अंजली निंबाळकर, २०२३ ला भाजपचे विठ्ठल हलगेकर. यावर पुण्या-मुंबईत ‘चळवळ संपली’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला वाटतं, इथल्या मतदाराने मराठीपण सोडलेलं नाही. रस्ता, पाणी आणि बदल्या बंगळुरातून होतात हे त्याने ओळखलं आहे, इतकंच. समितीतल्या भांडणांनी उरलेलं काम केलं. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याच्या निकालावर सातबारा कन्नडात मिळणाऱ्या शेतकऱ्याने किती काळ थांबायचं?

सरहद्द न हलवताही बरंच करता येतं. जर्मनभाषक दक्षिण टिरोल पहिल्या महायुद्धानंतर इटलीकडे गेलं. मुसोलिनीने तिथली जर्मन दडपली, पण १९७२ च्या स्वायत्ततेनंतर दोन्ही भाषांत कारभार चालतो, सरकारी नोकऱ्याही भाषक गटांच्या प्रमाणात वाटल्या जातात. आपल्याकडे निदान १५ टक्के लोकांची भाषा असेल तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे १९५६ पासून केंद्राच्या कागदावर आहे. इथला माणूस तेवढंच मागतो, आणि ते मागणं कन्नडविरोध ठरतं.

हाच नियम घेऊन आपण जत आणि अक्कलकोटलाही जायला हवं. महाजनांनी २४७ गावं कर्नाटकाला देऊ केली होती, ती त्या बाजूची. जतच्या काही गावांनी पाणी मिळेना म्हणून कर्नाटकात जायचा ठराव केला होता, आणि २०२२ मध्ये कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी नेमका तोच पुढे केला. आपल्या मंत्र्यांना राग आला. त्या गावांतल्या ग्रामपंचायतीच्या सूचना कन्नडात लागतात का, हे मात्र त्या रागाच्या भरात कुणी पाहायला गेलं नाही.