लाथ मारा, पण जपून

सोल : कोरियन युद्धकला म्हटली, की आपल्याकडे तायक्वांदोचंच नाव निघतं. पांढरा गणवेश, रंगीत पट्टे, फळी फोडणारी लाथ. पण चांद्र पंचांगातल्या पाचव्या महिन्याची पंचमी, म्हणजे दानोचा सण, जवळ आला की इथे एका जुन्या खेळाची आठवण हमखास निघते. त्यात फळ्या फुटत नाहीत. त्याचं नाव तेक्क्यॉन.

दोघे एकमेकांच्या आवाक्यात समोरासमोर उभे राहतात. पावलं त्रिकोणाच्या तीन टोकांवर लयीत पडत असतात, गुडघे लवतात, कंबर डुलते, तोंडातून ‘इक्कू’, ‘एक्कू’ असे हुंकार निघतात. नाच चाललाय की काय असं वाटतं, तोच एकाचा पाय दुसऱ्याच्या घोट्याला अडकतो, हात मानेवर येतो आणि दुसरा भुईवर असतो. पाडलं की जिंकलं. तोंडावर लाथ पोचली, तरी जिंकलं. अंगावर बसणारी लाथ मात्र ढकलणारी हवी, बरगडी मोडणारी नव्हे. आणि लांब राहून वेळ काढायची सोय नाही. एक पाय प्रतिस्पर्ध्याला गाठता येईल असा पुढे ठेवावाच लागतो.

तेक्क्यॉनचं तत्त्वज्ञान शोधायला मी आधी पुस्तकांकडे वळलो, पण ते सापडलं या नियमांतच. जोसॉन राजवटीत दानोला एका वस्तीचे गडी दुसऱ्या वस्तीच्या गड्यांशी भिडत. आपल्याकडे जत्रेत कुस्तीचा फड लागतो, तसाच हा मामला. ज्याला आज लोळवायचं, त्याच्याशी उद्या बाजारात गाठ पडणार. त्याला जायबंदी करून कसं चालेल? पाय पुढे ठेवण्याची सक्तीही त्याच चालीची : मी तुला मारणार असेन, तर मलाही मारायची संधी तुला दिली पाहिजे.

अर्थात, हा खेळ काही साधुसंतांचा नव्हता. छोए यॉंग-न्यॉन यांच्या, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या ‘हेदोंग जुकजी’ या संग्रहात नोंद आहे, की लोक याच लाथांनी जुनी वैरं चुकती करत, पैजेत दुसऱ्याची रखेलही जिंकून नेत. म्हणून अधिकाऱ्यांनी त्यावर बंदी घातली. संयमाचा नियम ज्या मैदानात घडला, तिथे असंयमही भरपूर होता.

पर्यटकांच्या हाती पडणाऱ्या माहितीपत्रकांत यातलं फारसं काही नसतं. तिथे गोष्ट दोन हजार वर्षं मागे जाते. गोगुर्यो राज्यातल्या थडग्यांची भित्तिचित्रं दाखवली जातात; ती आज चीनच्या हद्दीतल्या जीआन इथे आहेत. एका चित्रात दोन पुरुष हात उगारून समोरासमोर उभे आहेत, पण ते नेमकं काय करताहेत हे चित्र सांगत नाही. मग सिल्ला राज्याचे ह्वारांग तरुण आणि भिक्षू वॉनग्वांग यांनी दिलेल्या पाच आज्ञा येतात. त्यांतली शेवटची, विनाकारण जीव घेऊ नये, तेक्क्यॉनला शोभते खरी. पण शोभणं म्हणजे पुरावा नव्हे. पक्के दुवे अलीकडचे आहेत. चित्रकार यू सुक यांच्या 1846 सालच्या ‘देख्वेदो’ चित्रात प्रेक्षकांच्या कड्यात कुस्ती आणि तेक्क्यॉन दोन्ही रंगलेत. अमेरिकी अभ्यासक स्ट्युअर्ट क्युलिन यांनी 1895 साली कोरियन खेळांवरच्या पुस्तकात या लाथांच्या खेळाची दखल घेतली.

मग तेव्हापासूनच्या खऱ्या इतिहासाऐवजी दोन हजार वर्षांची हौस कशाला? उत्तर 1910 ते 1945 या जपानी राजवटीत आहे. त्या काळात तेक्क्यॉन जवळजवळ विझला. 1955 साली नाव मिळालेल्या तायक्वांदोचे अनेक आद्य शिक्षक जपानी कराटे शिकलेले होते. स्वतंत्र देशाला आपल्या लाथेचं मूळ आपल्याच मातीत हवं होतं, आणि ते दाखवायला तेक्क्यॉन हाताशी होता.

हाताशी म्हणजे एका म्हाताऱ्याच्या अंगात. सोलच्या साजिक-दोंग भागातले सोंग दॉक-गी यांचा जन्म 1893चा. लहानपणी इम हो नावाच्या उस्तादाकडे शिकलेले, धनुर्विद्येतही पारंगत. त्यांच्याकडून धडे घेऊन शिन हान-सुंग यांनी विखुरलेल्या हालचालींना क्रम लावला आणि चुंगजू शहरात शिकवणं सुरू केलं. दक्षिण कोरियाचा 1962 सालचा वारसा कायदा कला जपताना ती अंगी असलेल्या माणसालाही मान्यता देत असे. त्यानुसार 1983 साली तेक्क्यॉन राष्ट्रीय अमूर्त वारसा क्रमांक 76 ठरला आणि हे दोघे त्याचे अधिकृत धारक. सोंग तेव्हा नव्वदीचे. चारच वर्षांनी, जुलै 1987मध्ये, गुरू आणि शिष्य दोघेही एकाच महिन्यात गेले. 2011 साली युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत तेक्क्यॉन दाखल झाला. हा मान मिळालेली ती पहिली कोरियन युद्धकला.

आज तेक्क्यॉनच्या एकाहून अधिक संघटना आहेत आणि खरा वारसा कोणाचा यावर त्यांच्यात वाद आहे. सोंग यांना आठवत होता तो मोकळाढाकळा खेळ खरा, की शिन यांनी आखलेला अभ्यासक्रम? मला हा वाद आशेचा वाटतो. भित्तिचित्रांतले ते दोन पुरुष भांडायला येत नाहीत. शिष्य भांडतात, कारण खेळ अजून त्यांच्या पायांत आहे.