बोलताचालता माणूस आणि कवटीतील रक्त

१६ मार्च २००९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांतात बर्फावरून घसरण्याच्या खेळाचा धडा घेत असता सुविख्यात इंग्रज अभिनेत्री नताशा रिचर्डसन पडल्या. उतार नवशिक्यांचा होता. डोक्यावर हेल्मेट नव्हते, पण जखमही दिसत नव्हती. त्या हसत-बोलत होत्या. आलेली रुग्णवाहिका परत गेली. तासाभराने डोके दुखू लागले, आणि १८ मार्चला न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे ४५. शवचिकित्सेत आढळला तो कवटी आणि मेंदूचे बाह्य आवरण यांमधील रक्तस्राव.

कानशिलाचे हाड पातळ असते व त्याच्या आतून एक धमनी जाते. हाडास तडा गेला की ती फाटू शकते. कवटी म्हणजे बंद पेटी. रक्त साचू लागले की दाबला जातो तो मेंदूच. हा दाब घातक होईपर्यंत माणूस अगदी शुद्धीवर राहू शकतो. घरच्यांची फसगत होते ती याच मधल्या वेळेत.

साध्या एक्स-रेमध्ये हाडाचा तडा दिसतो, रक्त दिसत नाही. ते दिसू लागले सीटी स्कॅनमुळे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विंबल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू या यंत्राने पाहिला गेला. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी ते ईएमआय कंपनीत घडवले. (एचएमव्हीच्या तबकड्यांमागची कंपनी तीच!) १९७९ चे नोबेल पारितोषिक त्यांना व अ‍ॅलन कॉरमॅक यांना विभागून मिळाले. चित्रात ताजे रक्त पांढरे दिसते : आवरणाबाहेरचे भिंगासारखे फुगीर, आवरणाखालचे चंद्रकोरीसारखे. तपासणीस काही मिनिटे पुरतात.

वृद्धांची गोष्ट निराळी, आणि अधिक फसवी. वयपरत्वे मेंदू किंचित आक्रसतो, त्यास आवरणाशी जोडणाऱ्या शिरा ताणल्या जातात. दुकानाच्या माळ्यावरून उतरताना तुळईला डोके आपटणे एवढेही पुरते. रक्त हळूहळू झिरपते. तीन-चार आठवड्यांनी चाल अडखळते, एक हात दुबळा होतो, जन्मभर अचूक राहिलेला जमाखर्च चुकू लागतो, आणि घरात म्हटले जाते, "दादांचे आता वय झाले, चालायचेच." आपटल्याची आठवणही एव्हाना कोणास नसते. वास्तविक हे रक्त बहुधा कवटीस लहानसे छिद्र पाडून काढता येते आणि पुष्कळ रुग्ण पूर्ववत होतात.

प्रत्येक टेंगळासाठी स्कॅन करू नये. त्यात किरणोत्सर्ग असतो, मुलांबाबत तर विशेष विचार हवा. कॅनडातील डॉक्टरांनी २००१ मध्ये याविषयी नियम प्रसिद्ध केले. मार लागून शुद्ध हरपली, विस्मृती झाली वा भान सुटले असेल, आणि दोन वा अधिक वांत्या झाल्या असतील, दोन तासांत पूर्ण शुद्ध आली नसेल किंवा वय ६५ वा अधिक असेल, तर त्यांनी स्कॅन सुचवले. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे रुग्ण मात्र या नियमांत मोजलेलेच नाहीत. त्यांच्या बाबतीत डॉक्टर एरवीपेक्षा लवकर स्कॅन करवतात. म्हणून रुग्णालयात जाताना गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्यावी. पहिले स्कॅन स्वच्छ आले तरी डोकेदुखी वाढली वा गुंगी आली, तर त्याच रात्री परत जावे.